वरचा अर्धा फेरा

आर्म तुटला तेव्हा मी पर्समध्ये पेन शोधत होते. आधी बोटं मोडल्यासारखा टक् असा आवाज आला, मग चर्रर्र, आणि मी मान वर करेपर्यंत आमचा पांढराशुभ्र, महिनोन्‌महिने खपून केलेला आर्म मोडक्या छत्रीच्या काडीसारखा टॉवरला लोंबत होता. चाचणीसाठी दोराने आर्मला ओढणारी मोटार थांबवली. केबिनमधून मिस्त्रींनी काट्यावरचा आकडा ओरडून सांगितला. हवा होता त्याच्या निम्म्याहून जेमतेम वर. पेन सापडलं, पण आता लिहायचं काय?

विजेचे मोठे टॉवर सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांना दोन्ही बाजूंना जे आडवे दांडे असतात, ज्यांच्या टोकांना तारा टांगतात, ते क्रॉस-आर्म. आम्ही नुसतं आर्म म्हणतो. आजवर ते लोखंडाचे असायचे. आमच्या कंपनीने ते काचेच्या धाग्यांचे करायचं मनावर घेतलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. केसाहून बारीक काचेचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या चिकट रसायनात, भिजवायचे, तापलेल्या साच्यातून ओढून काढायचे, की चौकोनी पोकळ नळी तयार होते. लोखंडापेक्षा कितीतरी हलकी. गंजत नाही. शिवाय वीज तिच्यातून जात नाही, त्यामुळे तारा टॉवरच्या जवळ आणता येतात आणि टॉवर बुटका चालतो. अशा नळ्या जोडल्या, टोकांना लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट आवळले, की झाला आर्म. प्रयोगशाळेत मी ह्या नळ्यांचे तुकडे ओढून, दाबून, पाण्यात उकळून आणि उन्हात भाजून पाहिले होते. हूं की चूं केलं नाही पठ्ठ्यांनी.

चाचणीच्या मैदानात मात्र एक आर्म टिकायचा आणि पुढचा मोडायचा. सगळेच मोडले असते तर मला परवडलं असतं. सगळे मोडतात तेव्हा त्याला एक कारण असतं आणि ते हुडकून काढता येतं. हे म्हणजे लहरी पाहुण्यासारखं झालं होतं, कधी पोटभर जेवेल आणि कधी ताटावरून उठेल त्याचा नेम नाही.

आणि येत्या सोमवारी माझा दादा ह्यातल्याच एका आर्मच्या टोकावर जाऊन बसणार होता.

झालं होतं असं, की एका खऱ्या लाईनवरच्या एका टॉवरला प्रयोग म्हणून आमचे आर्म लावून झाले होते. आता तारा चढवायच्या राहिल्या होत्या. त्या चढवणाऱ्या लाईनमन टोळीचा मुकादम म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मैदानातल्या टॉवरवर आर्म बसवायलाही बहुतेक वेळा त्याचीच टोळी यायची, कारण साहेबांचं म्हणणं, जे खऱ्या लाईनवर बसवणार त्यांनीच इथेही बसवावेत. टोळी बाहेरगावी असली तर आमचे मिस्त्री आणि त्यांचा मदतनीस बसवायचे. कुठला आर्म कुणी बसवला हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोल्ट आवळणं, त्यात काय विचारायचं?

घरी आले तर वहिनी साखरेच्या बरणीशी झोंबत होती. पदर लावून झाला, फडकं लावून झालं, गरम पाणी ओतून झालं.

“ह्या घरात चहा प्यायचा असेल तर नवरा घरी असावा लागतो,” ती म्हणाली. “त्याने झाकण लावलं, की उघडायला तोच.”

दादाची ही खोड जुनी. झाकण असो, नळ असो, गॅसचं रेग्युलेटर असो, एकदा त्याच्या हाताखालून गेलं की बाकीच्यांसाठी ते संपलं. चार माणसं लावतात तसं लावून त्याचं समाधान होत नाही. वहिनीच्या कपाटात चिरा गेलेल्या प्लास्टिकच्या झाकणांचं एक खोकं आहे. ती ते टाकत नाही, भांडण झालं की पुरावा म्हणून बाहेर काढते.

दादा आला, बूट काढता काढता त्याने बरणी घेतली आणि दोन बोटांनी उघडून परत दिली. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की बरणी त्याच्या डोक्यात घालायची का चहा करायचा हे अजून ठरायचं आहे.

“आजचा तुटला म्हणे,” दादा मला म्हणाला.

“तुला कुणी सांगितलं?”

“सकाळी आम्हीच तर बसवला. आम्ही फाटकाबाहेर पडलो तोवर ठणठणीत होता.”

“सोमवारी जाऊ नकोस वर.”

“का? साहेब नको म्हणाले?”

“मी म्हणतेय.”

त्याने मोजे काढून बुटात कोंबले आणि माझ्याकडे नीट बघितलं. “इंजिनिअर म्हणून म्हणतेयस का बहीण म्हणून?”

इंजिनिअर म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं. नुसता घोर होता.

“बहीण म्हणून असेल तर मी पहिल्या दिवसापासूनच घरी बसायला हवं होतं,” तो म्हणाला. “आईपण हेच म्हणायची. अगं भिंगरे, तू केलेला आर्म आहे ना? मग बसायला काय हरकत आहे?”

भिंगरी हे माझं घरचं नाव. लहानपणापासून मला एका जागी बसता येत नाही. त्याच्या ह्या वाक्यानंतर तर मी उभीच राहिले, ताट हातात घेऊन जेवले आणि जेवता जेवता स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात किती वेळा गेले कुणास ठाऊक. त्याचा माझ्यावर एवढा विश्वास होता ह्याचा मला मनापासून राग आला. थोडा कमी असता तर माझं काम सोपं झालं असतं.

साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. फक्त त्यांना ‘वाटतं’ हा शब्द चालत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये मी तो पहिल्याच वाक्यात वापरला.

“सर, मला वाटतं सोमवारचं काम पुढे ढकलावं.”

“कारण?”

“तुटतायत.”

“काही तुटतायत. काही दुप्पट वजन घेतायत. का तुटतायत?”

“तेच शोधतेय.”

“मग शोधा, मॅडम. कारण आणलंत तर मी आत्ता फोन करून लाईन थांबवतो. पण ‘वाटतं’ म्हणून मी वरच्या लोकांना काय सांगू? आमच्या मॅडमच्या पोटात कालवाकालव होतेय?”



मग मी जे सुरू केलं त्याला शोध म्हणायचं का धावाधाव, ते मला अजून कळलेलं नाही. रेझिनची पिंपं उघडून वास घेतला. साच्याच्या तापमापकावर अविश्वास दाखवला, तो बदलून घेतला, नव्यावरही अविश्वास दाखवला. धागे पुरवणाऱ्याला फोन करून इतकं उलटसुलट विचारलं, की तो शेवटी म्हणाला, “ताई, काच आहे, काचच आहे.” मोडलेल्या नळ्या उभ्या कापल्या, आडव्या कापल्या. पण मोडताना सगळे धागे पिंजारून जायचे, नळीच्या टोकाचा नुसता कुंचला व्हायचा. चीर कुठून निघाली ते त्या कुंचल्यात कोण वाचणार? मिस्त्री माझ्यासाठी तुकडे कापत राहिले. ते स्वतः फार काटेकोर. प्रयोगशाळेतला बोल्ट ते टॉर्क रेंचनेच आवळतात, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कट् असा आवाज करणाऱ्या पान्याने. कट् वाजलं की त्यांचा हात तिथेच थांबतो. त्या कट्‌ची मला इतकी सवय होती, की ते मला ऐकूही येत नसे.

शुक्रवारी आणखी एक आर्म ओढून बघायचं ठरलं. सोमवारच्या आधीचा हा शेवटचा. आम्ही इंजिनिअर लोक मैदानात नेहमी आर्म चढून झाल्यावर पोचतो. आधी असतं ते सामान लावणं, आमच्या मते ते बघण्यासारखं काही नसतं. पण त्या सकाळी मला खुर्ची टोचत होती. कॉफी अर्धी टाकून मी मैदानात गेले, तेव्हा आर्म अजून जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर आडवा होता आणि दादाची टोळी त्याच्याभोवती कामाला लागली होती.

“आज मॅडम लवकर?” बांबू म्हणाला. तो टोळीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात काटकुळा. टोळीत सगळ्यांना अशीच नावं. दादाला ते पक्कड म्हणतात. “आमच्यावर पाळत का?”

“तुझ्यावर कसली पाळत ठेवायची? तू लांबूनच दिसतोस.”

ते हसले आणि कामाला लागले. मला बसायला काही नव्हतं म्हणून मी आर्मच्याच टोकावर टेकले, एक हात नळीवर ठेवला. एकाने लांब दांड्याच्या पान्याने बोल्ट आवळले. नीट, व्यवस्थित. मला वाटलं झालं.

“वर कोण जाणार?” दादाने विचारलं.

“मी आणि तू,” बांबू म्हणाला.

“मग ये, वरचा अर्धा दे.”

बांबूने पाना घेतला, नटावर बसवला, पाय रोवला आणि खांद्यातून जोर काढून आणखी अर्धा फेरा ओढला. मग दुसऱ्या बोल्टला. मग पाना दादाकडे गेला.

“हे काय?” मी विचारलं.

“वरचा अर्धा,” दादा म्हणाला, जणू मी नमस्कार म्हणजे काय असं विचारलं होतं. “आवळणाऱ्याने आवळलं तरी जो वर जाणार तो स्वतःच्या हाताने अर्धा फेरा जास्त देतो. उस्तादाने शिकवलंय. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं. तो दिल्याशिवाय आमच्यात कुणी शिडीवर पाय ठेवत नाही.”

आणि त्याने ओढला. दादाच्या हाताचा अर्धा म्हणजे काय ते आमच्या घरातल्या बरण्यांना विचारावं. त्याच क्षणी माझ्या तळहाताखाली, नळीच्या आत, काहीतरी बारीक कटकन मोडलं. दाताखाली खडा यावा तसं. आवाज असा आलाच नाही, नुसतं हाताला कळलं.

“थांब,” मी म्हणाले.

“काय झालं?”

“पुढच्याला दे. हळू. माझा हात इथे आहे.”

त्याने दुसऱ्या बोल्टला दिला. परत खडा. माझ्या डोळ्यांसमोर वहिनीचं ते झाकणांचं खोकं आलं आणि मी उठून उभी राहिले. “बोल्ट काढा,” मी म्हणाले. “सगळे काढा. मिस्त्रींना करवत घेऊन बोलवा.”

नळी टोकापासून कापली, आत बॅटरीचा उजेड पाडला. आतल्या कोपऱ्यात केसाएवढी चीर, बोल्टच्या भोकाजवळून निघून धाग्यांच्या दिशेने सरळ आत गेलेली. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. पोकळ चौकोनी नळी, बोल्ट तिच्या दोन्ही भिंतींमधून आरपार. जास्त आवळला की भिंती आत दबतात. लोखंड दबतं, वाकतं, सांभाळून घेतं. आमची नळी लांबीला कितीही ओढा, दाद देत नाही, पण अशी आडवी दाबली तर वाकत नाही, कोपऱ्यात उकलते. एकदा उकलली की वजन येण्याचीच काय ती वाट. मिस्त्रींनी कट् वाजेपर्यंत आवळलेले आर्म टिकत होते. दादाच्या टोळीने जीव लावून आवळलेले मोडत होते.

मला आनंद झाला, लपवत नाही. कारण सापडलं ह्याचा एक क्षण निखळ आनंद झाला. मग मी मान वर केली आणि दादाचा चेहरा बघितला.

तो चीर बघत होता. “लाईनवरच्या टॉवरला पण आम्हीच...” तो म्हणाला आणि थांबला.

“सगळ्यांना दिलायस वरचा अर्धा?”

“एकही सोडला नाही.” तो लाकडी ठोकळ्यावर बसला. “सोमवारी माझ्याबरोबर बांबू येणार होता त्या टोकावर. म्हणजे मी जास्त आवळलं म्हणून? मी तर पडू नये म्हणून आवळत होतो.”

बांबूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणीही विनोद केला नाही.

साहेब अर्ध्या तासात मैदानात हजर झाले. शब्दाला जागून त्यांनी तिथूनच फोन करून सोमवार रद्द केला. मग बॅटरी घेऊन नळीत डोकावले आणि त्यांचा चेहरा खुलला.

“म्हणजे आपल्या मालात काही दोष नाही.”

“माल ह्या माणसांच्या हाताखाली मोडतोय, सर.”

“चुकीच्या हाताळणीमुळे. उपाय सोपा आहे. टॉवरवरचे आर्म उतरवायचे, नवे द्यायचे, टोळीला टॉर्क रेंच द्यायचा. वरचा अर्धा आजपासून बंद. तशी सूचना काढतो, सगळ्यांच्या सह्या घेतो. काम एका आठवड्याने.”

ऐकायला ह्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. टोळीने सह्या केल्या. दादाने टॉर्क रेंच हातात घेऊन वजन बघितलं, मिस्त्रींनी दाखवलं तसं एक बोल्ट आवळला. कट् वाजलं, दादाने हात काढला. मिस्त्री म्हणाले, “शाब्बास.” साहेब समाधानाने गाडीत बसले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी बघत होते. दादा पाना ठेवून पाणी प्यायला गेला, अर्ध्या वाटेतून परत आला, नटावर नुसता अंगठा ठेवून उभा राहिला. मग गेला. मग परत आला.

त्या आठवड्यात माझी भिंगरी आणखी जोरात फिरायला लागली. मी साखरेच्या बरणीकडे बघायचे. दादाने ती दोनदा हलक्या हाताने लावली आणि वहिनीने सुखाने उघडली. “सुधारला गं तुझा भाऊ,” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी बरणी परत उघडेना.

त्याच संध्याकाळी तो मला कामावरून न्यायला आला. असं तो कधी करत नाही. आम्ही चालत निघालो. रस्त्यावर दुकानांची शटर्स अजून उघडी होती, माणसं खरेदी करत होती आणि दादा पायाने एक बाटलीचं बूच ढकलत चालला होता.

“तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “मी सही केली, पण मी ते पाळणार नाही.”

“म्हणजे?”

“मुद्दाम नाही गं. इथे मैदानात कट् वाजलं की मी थांबतो. पण तिकडे वर वारा असतो. खालची माणसं मुंगीएवढी दिसतात. वर गेल्यावर आम्ही परत एकदा सगळे बोल्ट तपासतो. तेव्हा मला तुझं कट् आठवणार नाही, उस्ताद आठवेल. हात आपोआप ओढेल. बांबूला विचारलं, तो पण म्हणाला, ओढेल. सगळेच ओढतील. साहेबांना कोण सांगणार?”

“मग मला कशाला सांगतोयस? मी तर तुला वर जाऊच नको म्हणतेय.”

“बहिणीला नाही सांगत,” तो म्हणाला. “इंजिनिअरला सांगतोय.”

मी रस्त्यात थांबले. मागून येणारा एक माणूस माझ्यावर आदळला आणि पुटपुटत निघून गेला. कधी नव्हे ते मला पुढे पाऊल टाकवेना. इतके दिवस मी साच्याला आणि रेझिनला दोष देत फिरले, मग टोळीच्या सवयीला दिला. आणि हा माणूस मला सरळ सांगत होता, की ही सवय जाणार नाही, ती धरूनच काय ते कर. गुरुत्वाकर्षण धरून करतो, वारा धरून करतो, मग दादाचा हात का नाही?

सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते फोनवर होते. मी बसले नाही. त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

“भोकात लोखंडी बुश घालायचा, जाड नळकांडं,” मी म्हणाले. “एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. बोल्ट त्याच्या आतून जाईल. कितीही आवळला तरी जोर बुशवर येईल, भिंत दबणार नाही. आणि आपले सगळे धागे लांबीच्या दिशेने आहेत म्हणून ती उकलते. टोकांना आडव्या विणीचं काचेचं कापड गुंडाळून घ्यायचं.”

“कशासाठी? टॉर्क रेंच दिलाय की.”

“ते जास्त आवळणार आहेत.”

“सह्या केल्यात त्यांनी.”

“तरीही आवळणार आहेत.”

“कोण म्हणतं?”

“आवळणारा.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, साचा बदलावा लागेल. वजन वाढेल. महिने जातील. नियम न पाळणाऱ्या माणसांसाठी आपण माल बदलायचा? उद्या ते म्हणतील आम्ही हातोडाही मारतो. त्याचीही सोय करणार का तुम्ही?”

“मारत असतील तर करावी लागेल.”

ते चष्मा पुसायला लागले.

“सर, मागे तुम्ही मला कारण आणा म्हणालात. आणलं. आता हे आणलंय. ह्यात ‘वाटतं’ एकदाही आलेलं नाही.” मी खुर्चीची पाठ धरली. “त्या टोकावर माझा भाऊ बसणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण तो माझा कुणी नसता तरी मी हेच सांगितलं असतं. जरा सावकाश सांगितलं असतं एवढंच.”

त्यांनी चष्मा परत लावला आणि फोन उचलला. मी बाहेर आले, जिन्यात जाऊन बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

पुढचे महिने कामात गेले. पहिले बुश सैल झाले, दुसरे घालताना नळीच फुटली. आडवं कापड साच्यात गोळा व्हायचं. मिस्त्री म्हणाले, “ताई, तुम्ही जरा घरी जा, म्हणजे बसेल ते.” मी घरी गेले आणि खरंच बसलं. ह्याचा अर्थ काय ते मी त्यांना विचारलं नाही.

नव्या आर्मची चाचणी होती त्या दिवशी मी टोळीला बोलावून सांगितलं, “आज टॉर्क रेंच नको. वरचा अर्धा द्या. पाऊण द्या. जेवढा जीव असेल तेवढा लावा.”

त्यांचे चेहरे काय फुलले. बांबू तर पान्याला अक्षरशः लोंबकळला. दादाने हाताला माती चोळली, पाय रोवले आणि असा ओढला, की त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मी नळीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. दाताखाली खडा आला नाही. नळीने काहीच सांगितलं नाही. मग आर्म वर चढवला, दोर लावले, मोटार सुरू झाली. हवा होता तो आकडा गेला. त्याच्या दीडपट गेला. मिस्त्री केबिनमधून आकडे ओरडत होते आणि त्यांचा आवाज चिरकायला लागला होता. शेवटी वाकली ती टोकाची लोखंडी पट्टी. आर्म तसाच उभा. साहेब म्हणाले, “आता लोखंडवाल्यांशी भांडावं लागेल,” आणि पहिल्यांदाच मी त्यांना मोकळेपणाने हसताना पाहिलं.

मग खऱ्या टॉवरचा दिवस उजाडला. मोकळं माळरान, भरपूर वारा, आणि टॉवरच्या पायथ्याशी ठोकळ्यांवर आमचे नवे आर्म. सगळं माझ्याच गणिताप्रमाणे होतं. तरी मी टॉवरला एवढ्या फेऱ्या घातल्या, की बांबू म्हणाला, “मॅडम, जरा बसा, तुम्हाला बघून मलाच चक्कर येतेय, आणि मला वर जायचंय.”

बोल्ट आवळून झाले. बांबूने वरचा अर्धा दिला, दादाने दिला. मग दादाने पाना माझ्यासमोर धरला. टोकाचा एक बोल्ट राहिला होता.

“घे.”

“मी कुठे वर जाणारे?”

“तू नाही. पण जीव तुझाही टांगणीला लागलाय ना? मग घे.”

टोळी बघत होती. मी त्याचा पाना घेतला नाही, माझा टॉर्क रेंच घेतला, नटावर बसवला आणि ओढला. कट् वाजलं. मी हात काढला. “झालं,” मी म्हणाले. “एवढंच लागतं. बुशमुळे ह्याच्यापुढे आवळून काहीही फरक पडत नाही. मीच सिद्ध केलंय.”

दादा हसला. “तू म्हणतेस तर झालं,” तो म्हणाला आणि पट्टे बांधायला वळला. सगळे दोराकडे गेले, वर ओढायची तयारी सुरू झाली. मी आर्मजवळ एकटीच राहिले.

थोड्या वेळाने आर्म वर गेला, जागेवर बसला. दादा चढला, मागोमाग बांबू. त्याला चढताना मी आयुष्यात नीट पाहिलंच नव्हतं, नेहमी नजर दुसरीकडे वळवायचे. ह्या वेळी पाहिलं. तो शिखराजवळ पोचला, आर्मवर उतरला आणि इंचाइंचाने टोकाकडे सरकला. शेवटचा एक हात राहिला तेव्हा तो थांबला. त्याने खाली माझ्याकडे पाहिलं. वाऱ्यात शब्द पोचणार नव्हते, म्हणून त्याने एक हात मोकळा केला आणि मनगट हवेत अर्धं फिरवलं. दिलास का?

मी मान हलवली. दिला होता. सगळे दोराकडे वळल्यावर मी टॉर्क रेंच खाली ठेवला होता, त्याचा पाना उचलला होता, पाय रोवला होता आणि खांद्यातून जोर काढून अर्धा फेरा ओढला होता.

मग तो टोकावर जाऊन बसला आणि त्याने मागे टॉवरपाशी थांबलेल्या बांबूला तार वर ओढून घ्यायला सांगितलं.